ज्वारीच्या पट्ट्यातली लेकरं आणि रेशनचं ताट

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. विषय आपल्याच घरातला आहे.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मेळघाट येतं, नंदुरबार येतं, मोखाडा-जव्हार येतं. भूम, परांडा, वाशी, कळंब येत नाही. आमच्या ईटच्या बाजारात उभं राहून कुणाला विचारलं की "इथं कुपोषण आहे का हो?" तर समोरचा हसेल. "दोन टायमाला पोटभर मिळतंय की सगळ्यांना. रेशन फुकट हाय." आणि तो खोटं बोलत नसतो. इथं लेकरं उपाशी मरत नाहीत. म्हणूनच बातमी होत नाही.

मी वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. पीकविमा, अनुदान, टँकर, चारा छावणी, मोर्चा, उपोषण, सगळं लिहून झालं. लेकरांच्या पोषणाची बातमी आमच्याकडं वर्षातून एकदाच येते, सप्टेंबरात, पोषण महिन्यात. रांगोळी, पालेभाज्यांचं प्रदर्शन, मान्यवरांची उपस्थिती, ग्रुप फोटो. ऑक्टोबर लागला की विषय संपला.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची. त्यात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं उंचीत खुंटलेली निघाली. २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं लुकडी. ३६.१ टक्के वजनात कमी. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत रक्त कमी असलेली तब्बल ६८.९ टक्के. आधीच्या फेरीत, २०१५-१६ ला, रक्ताचा हाच आकडा ५३.८ होता. म्हणजे रेशन वाढलं, दवाखाने वाढले, रस्ते झाले, आणि लेकरांचं रक्त कमीच होत गेलं.

हे सगळ्या राज्याचे आकडे आहेत. आपला जिल्हा त्यात कुठं बसतो याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. २०१८ साली नीती आयोगानं देशभरातून मागं पडलेले जिल्हे निवडले आणि त्यांना 'आकांक्षित' असं गोड नाव दिलं. महाराष्ट्रातून चारच होते. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. या जिल्ह्यांची प्रगती मोजताना आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के गुण ठेवलेत. जिल्ह्याचं नाव बदललं, पोषणाचा प्रश्न तिथंच आहे.

खुंटलेलं लेकरू ओळखू येत नाही, ही खरी अडचण. ते खेळतं, हसतं, शाळेत जातं. आई म्हणते, "आमच्या घरात सगळेच बारीक." सात वर्षांचं पोरगं पाच वर्षांचं दिसतं, एवढंच. पण आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत जी वाढ राहिली, ती पुढं फारशी भरून निघत नाही. शरीराची आणि मेंदूचीही. मग दहावीला गणितात नापास झालं की आपण म्हणतो, पोरगं ढ आहे.

आता मूळ मुद्दा. लेकराच्या ताटात काय आहे?

आपला पट्टा ज्वारीचा. बालाघाटाचं हे पठार, हलकी-मध्यम-भारी जमीन, बेभरवशाचा पाऊस. नुसत्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी हेच इथलं खरं पीक. ज्या मालदांडीचं नाव आजही बाजारात मानानं घेतलं जातं, तो वाण १९३० च्या दशकात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर निवडला गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीच्या पट्ट्यात मधेमधे करडईचे तास असायचे, खरिपात तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा. एका रानातून भाकरी, डाळ, तेल आणि जनावराला कडबा निघायचा. धान्य पेवात, कणगीत असायचं. सरकार काही देवो न देवो.

ते सगळं गेलं. १९८० च्या आसपास राज्यात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरच्या वर रान होतं. आज ते वीस लाखांच्या आसपास आलंय. आणि जे सोयाबीन तेव्हा आपल्या लोकांना नावानंही माहीत नव्हतं, ते पन्नास लाख हेक्टरच्या घरात गेलंय.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर लगेच कमेंटमध्ये "आमचे आजोबा ज्वारी खाऊन शंभर वर्षं जगले" सुरू होईल. तुमचे आजोबा जगले. त्यांची किती भावंडं पाळण्यातच गेली, ते एकदा घरात विचारा. ज्वारीच्या काळात लेकरं धडधाकट होती असं अजिबात नाही. १९७२ ला याच भागात लोकांनी खडी फोडत अमेरिकेचा लाल मिलो खाल्लाय. तीही ज्वारीच होती. जुने दिवस परत आणा असं मला म्हणायचं नाही. आज आपण जे ताट वाढतोय, ते कुणी आणि का ठरवलं, एवढंच विचारायचंय.

शेतकऱ्यानं ज्वारी का सोडली? आळशीपणानं नाही. ज्वारी काढायला बसलेल्या माणसाला विचारा. कंबर मोडते. ताट उपटायचं, पाचुंदे बांधायचे, कणसं मोडायची, मळणी करायची. त्याआधी महिनाभर पाखरं राखायची. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. सोयाबीन हार्वेस्टरनं निघतं आणि दिवाळीच्या तोंडावर रोख पैसे देतं. २०२५-२६ चा हमीभाव बघा. सोयाबीन ५३२८, मालदांडी ज्वारी ३७४९. कोरडवाहूला ज्वारीचा एकरी उतारा सोयाबीनपेक्षा बहुतेक कमीच. वरून हमीभावानं खरेदी कधी सुरू होईल, केंद्र कुठं असेल, याचा पत्ता नाही. अशा वेळी "पारंपरिक पिकं घ्या" असं एसीत बसून सांगणाऱ्याला शेतकऱ्यानं काय म्हणावं, ते इथं लिहिता येणार नाही.

पण सोयाबीनची गंमत अशी की ते घरात खाता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परांड्यात पाण्यानं काय केलं, ते आपण डोळ्यानं पाहिलंय. सोयाबीन गेलं त्या दिवशी पैसे गेले, आणि कणगी तर आधीपासूनच रिकामी होती. अजून एक. सोयाबीनमध्ये जवळपास चाळीस टक्के प्रथिनं असतात. आपल्या रानातलं सगळ्यात प्रथिनवालं पीक कारखान्यात जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आणि त्या कोंबडीचं अंडं आपल्या अंगणवाडीतल्या लेकरापर्यंत येत नाही.

मग ताटात उरलं काय? रेशन. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागं पस्तीस किलो. २०२३ पासून ते फुकट. हे धान्य नसतं तर लॉकडाऊनमध्ये काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. रेशनला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण ते धान्य कोणतं? गहू आणि तांदूळ. त्या कायद्यात तीन दर लिहिले होते. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया. म्हणजे ज्वारी-बाजरी रेशनवर देता येईल, हे कायद्यातच आहे. सगळ्यात स्वस्त दरात. तरी ज्वारीच्या जिल्ह्यातल्या माणसाला बारा महिने पंजाबचा गहू आणि परराज्यातला तांदूळ. काही जिल्ह्यांत मधूनच गव्हाऐवजी ज्वारी आली, पण ती नियम म्हणून नाही. त्या वेळी गोदामात जे होतं, ते आलं.

शेजारच्या कर्नाटकात बघा. तिथलं सरकार हमीभावानं ज्वारी-नाचणी घेतं आणि रेशनवर देतं. दक्षिणेत नाचणी, उत्तरेत ज्वारी, जो भाग जे खातो ते. ओडिशात २०१७ पासून मिलेट मिशन आहे. आदिवासी शेतकऱ्यांकडून हमीभावानं नाचणी घेतली, आणि केओंझर, सुंदरगड जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू सुरू केले. आपण काय केलं? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष होतं. ज्वारीला 'श्रीअन्न' नाव मिळालं. सोलापूरला मंजूर झालेलं श्रीअन्न केंद्र बारामतीला हलवायचा निर्णय झाला, त्यावरून महिनाभर राजकारण झालं. पुण्यातल्या हॉटेलात ज्वारीचा पिझ्झा आला. चांगली मालदांडी आज बाजारात गव्हापेक्षा महाग आहे. जी भाकरी गरिबाची म्हणून हिणवली, ती आता डायबेटिसवाल्या साहेबाची झाली, आणि ती पिकवणाऱ्याचं लेकरू मऊ भात खातंय.

सरकारचं उत्तर तयार असतं. तांदूळ 'फोर्टिफाइड' केला. खरं आहे. २०२४ पासून रेशन, शाळा, अंगणवाडी सगळीकडं लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळून तांदूळ येऊ लागला. पण लोकांना कुणी नीट सांगितलंच नाही. आमच्या भागात बाया ते वेगळे दिसणारे दाणे निवडून फेकतात. "दादा, प्लॅस्टिकचा तांदूळ देतेत," हे मी किती जणींकडून ऐकलंय. लोह कारखान्यातून आलं आणि सुपातून उकिरड्यावर गेलं.

आता दुसरा रस्ता. लोह बाहेरून मिसळण्याऐवजी धान्याच्या दाण्यातच जास्त असेल असा वाण. ही काही परदेशातली गोष्ट नाही, आपल्या दारातली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटबरोबर काम करून २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाचा ज्वारीचा वाण दिला. साध्या ज्वारीत किलोला तीसेक मिलिग्रॅम लोह आणि वीसेक मिलिग्रॅम जस्त असतं. यात लोह ४२ आणि जस्त ३२ च्या आसपास. बाजरीत 'धनशक्ती' त्याही आधी आली. तुमच्या गावात परभणी शक्ती कुणी पेरलीय का, विचारून बघा. कृषी सेवा केंद्रात मागून बघा. दुकानदार म्हणेल, "कोण मागतंय?" आणि त्याचंही बरोबर आहे. लोह जास्त म्हणून आडत्या क्विंटलला एक रुपया जास्त देत नाही. मग शेतकऱ्यानं कशासाठी पेरावी?

हे खरंच लेकराच्या अंगी लागतं का? दोन अभ्यास सांगतो, दोन्ही महाराष्ट्रातले. पहिला नगर जिल्ह्यातला. निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी दिली. काहींना साधी, काहींना जास्त लोहाची. २०१५ ला निकाल छापून आला. ज्यांच्यात आधी लोहाची कमतरता होती, त्यांच्यात जास्त लोहाची भाकरी खाणारी मुलं त्यातून बाहेर पडण्याचं प्रमाण दीड पटीहून जास्त होतं. दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्टीतला. तिथं १२ ते १८ महिन्यांच्या लेकरांना जास्त लोह-जस्ताच्या बाजरीचे पदार्थ नऊ महिने दिले. २०२२ ला निकाल आला. वाढीत आणि एकूण लोहात ठळक फरक दिसला नाही.

दुसरा अभ्यास मुद्दाम सांगतोय. ज्वारी-बाजरीच्या नावानं जयजयकार करणारे तो सांगत नाहीत. शाळेतलं पोरगं दोन-तीन भाकरी खातं, त्याच्या पोटात धान्यातनं बऱ्यापैकी लोह जातं. वर्षाचं लेकरू अर्धी वाटीसुद्धा नीट खात नाही. शिवाय धान्यातलं सगळं लोह अंगी लागत नाही, त्यातले काही घटकच ते अडवून धरतात. त्याच्याबरोबर लिंबू, आंबट चुका, भिजवून मोड आणणं, आंबवणं, याची जोड लागते. आपल्या आज्या ज्वारीचं आंबील करायच्या, त्यामागं शास्त्र होतं. त्यांना ते शास्त्र म्हणून माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणजे तीन वर्षांखालच्या लेकराला नुसतं धान्य पुरत नाही, ज्वारी असो की गहू. आईच्या दुधाशिवाय सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला दोनशे कॅलरी लागतात, वर्ष ते दोन वर्षांच्या लेकराला साडेपाचशे. पोट मात्र त्याच्या मुठीएवढं. त्यात आपण भाताचं पाणी, डाळीचं वरचं पाणी आणि पाच रुपयाचा बिस्किटाचा पुडा चहात बुडवून घालतो. लेकरू गप्प बसतं, म्हणजे पोट भरलं असं समजतो. त्याला दाट लागतं, तेल-तूप लागतं, डाळ, शेंगदाणा, अंडं, दूध लागतं. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात फक्त ११ टक्के निघाली.

आणि दुधाचं म्हणाल तर आपला भाग खव्याचा. भूम, ईट, कुंथलगिरी, सगळीकडं भट्ट्या. पाचेक लिटर दूध आटवलं की किलोभर खवा. त्यावर हजारो घरं चालतात, त्याचा मला अभिमान आहे. पण पहाटे पाचला किटली भट्टीवर जाते तेव्हा घरातल्या दोन वर्षांच्या लेकरासाठी किती दूध मागं ठेवलं जातं? पावशेर ठेवलं तर हप्ता बुडत नाही. हा सल्ला सरकारला नाही, आपल्याला आहे. आणि म्हशीला कडबा लागतो, तो ज्वारीतूनच येतो, हेही विसरू नका.

राहिली ऊसतोड. दसरा-दिवाळीला उचल घेतलेल्या टोळ्या निघतात. पोत्यात बाजरी-ज्वारी बांधून घेतात, काखेत लेकरू. पुढं पाच-सहा महिने ते लेकरू कुठल्याच अंगणवाडीच्या वजनकाट्यावर येत नाही. रेशन कुठंही उचलता येतं असं कागदावर आहे. पहाटे चारला फडात जाणारी बाई दुकान उघडायच्या वेळेला कोपीवर नसते. बरं, ही पोरं परत येतात ती उन्हाळ्यात, वाळून. जन्मल्यापासून दोन वर्षांत दोन हंगाम असे गेले की वाढ खुंटायला दुसरं कारण लागत नाही.

होऊ शकत नाही, असं नाही. महाराष्ट्रानं करून दाखवलंय. २००५ मध्ये आपल्याच मराठवाड्यातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून, राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुंटण्याचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या राज्य सर्वेक्षणात २३ टक्क्यांवर आलं. पाच वर्षांखालचा आकडा २००५-०६ ला ४६ होता, तो दहा वर्षांत ३४ वर आला. त्यानंतरच्या पाच वर्षांत मात्र तो खाली यायच्या ऐवजी थोडा वरच सरकला. म्हणजे रस्ता सापडला होता. आपण मधेच गाडी थांबवली.

मग मागायचं काय? माझ्या चार मागण्या आहेत.

एक. धाराशिव जिल्ह्यात रेशनच्या गव्हातला अर्धा वाटा ज्वारीचा करा, आणि ती ज्वारी याच जिल्ह्यातून हमीभावानं घ्या. खरेदी केंद्र काढणीच्या आधी जाहीर करा. परभणी शक्तीसारख्या वाणाला क्विंटलमागं वर बोनस द्या. खात्रीचं गिऱ्हाईक दिसलं की शेतकऱ्याला भाषण द्यावं लागत नाही. पण भाकरी थापायचे कष्ट बाईचे आहेत, म्हणून अर्धाच वाटा म्हणतोय. बाकी तिला ठरवू द्या. आणि ज्वारी काढायचं यंत्र चांगलं झालं पाहिजे, त्यावर अनुदान द्या, नाहीतर हे सगळं बोलणं हवेत.

दोन. अंगणवाडीचा घरी न्यायचा आहार गावातल्या बचत गटाकडून घ्या. मोड आणून भाजलेली ज्वारी, मूग, शेंगदाणा, गूळ, वरून तेल. पाकिटावर कंपनीचं नाव नसलं तरी चालेल, लेकरानं खाल्लं पाहिजे.

तीन. अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी सरकारनं बंद केला. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहारातून अंडी मिळतात. कोरडवाहू मराठवाड्यातलं लेकरू त्यात बसत नाही. बसवा. जे खात नाहीत त्यांना दूध, केळी द्या. धर्माची भांडणं मोठ्यांनी करावीत, लेकराच्या ताटात नको.

चार. टोळी निघायच्या आधी पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं वजन-उंची घेऊन कार्ड आईच्या हातात द्या, आणि कारखान्याच्या तळावर तेच कार्ड चालू द्या. तळावर पाळणाघर उभं करायला साखर कारखान्यांना भाग पाडा.

हे मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. गावात आजच करता येण्यासारखं एक आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा नियम आहे. पुढच्या ग्रामसभेत उठून दोन प्रश्न विचारा. गेल्या वर्षीचे ते दहा टक्के कशावर गेले? आणि आपल्या गावच्या अंगणवाडीत लाल शेऱ्यातली लेकरं किती? खुर्च्या आणि सतरंज्यांचं बिल निघालं तर चिडू नका, शांतपणे म्हणा की औंदा त्या पैशाची अंडी, शेंगदाणे आणि तेल येऊ द्या. ठरावात लिहून घ्या. ठरावाची नक्कल मागा.

आणि अंगणवाडी ताईवर ओरडू नका. ती वजन करते, मोबाईलमध्ये भरते, घरोघरी फिरते, आणि मानधनासाठी तिलाच संप करावा लागतो. तिच्या बाजूनं ग्रामसभेत चार बापय उभे राहिले, तर पुढचं बरंच काम होईल.

पटलं तर पुढं पाठवा. पटलं नाही तर खाली लिहा, कुठं चुकतंय ते सांगा. आणि तुमच्या गावात ग्रामसभेत काय उत्तर मिळालं, ते मला जरूर कळवा. त्याची बातमी मी करतो.